पाऊस नसताना ‘पाऊस’ : किनाऱ्यालगतच्या घरातील रेन सेन्सरच्या नेहमीच्या तक्रारीचे निवारण

रत्नागिरी तालुक्यात, समुद्रापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर आमचे घर आहे. घरासमोरच्या खळ्यात नोव्हेंबरपासून सुपारी वाळत घातलेली असते आणि एप्रिल-मे महिन्यांत तिची जागा कोकम घेते. सुपारी सोलण्याजोगी होण्यासाठी तिला साधारण चाळीस दिवसांचे ऊन लागते, आणि या चाळीस दिवसांत एक अवकाळी सर जरी तिच्यावर पडली तरी बुरशीची भीती उभी राहते. कोकमाचे तर त्याहून अवघड आहे, कारण साले रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवावी लागतात आणि एका पावसाने ती सगळी पुटे धुऊन जातात. म्हणून खळ्यावर मोटारीने सरकणारे छत बसवले, ते घरातल्या होम असिस्टंटला (घरातील उपकरणे चालवणाऱ्या संगणक-प्रणालीला) जोडले आणि पाऊस पडताच छत मिटावे यासाठी रेन सेन्सर लावला. पुढची दोन वर्षे मी त्या सेन्सरशी झगडत होतो. त्यातून जे हाती लागले ते येथे सविस्तर मांडत आहे, कारण हीच तक्रार मला किनारपट्टीवरच्या अनेकांकडून ऐकू येते आणि तिच्यावर सहसा ‘सेन्सर बदलून पाहा’ एवढेच उत्तर दिले जाते.

तक्रारीची तीन रूपे आहेत. पहिले रूप असे की, आभाळ स्वच्छ असताना रात्री दोन-अडीचच्या सुमारास सेन्सर ‘पाऊस’ दाखवू लागतो आणि सकाळी आठ-नऊपर्यंत तसाच राहतो. दुसरे रूप असे की, पाऊस थांबून ऊन पडले तरी तासन्‌तास ‘पाऊस’ हीच स्थिती राहते. तिसरे रूप सगळ्यांत खर्चिक आहे : एका पावसाळ्यातच प्लेटवरचे पट्टे हिरवट-काळे पडतात, मग झिजून तुटतात आणि सेन्सर कायमचा ‘कोरडा’ होऊन बसतो. मी या तिन्हींना वेगवेगळे दोष समजून वेगवेगळे उपाय करत राहिलो, ही माझी मूळ चूक होती. हा सेन्सर मुळात ‘पाऊस पडत आहे का’ या प्रश्नाचे उत्तर देतच नाही. तो फक्त ‘माझ्या पृष्ठभागावर वीज वाहू शकेल असे काही आहे का’ एवढेच सांगतो, आणि त्या दोन प्रश्नांमधले अंतर समुद्रकिनारी फार मोठे असते.

मांडणी अगदी सर्वसाधारण आहे. सुमारे 5 × 4 सेंटिमीटरची, कंगव्याच्या दातांसारखे एकमेकांत गुंतलेले पट्टे असलेली प्लेट, तिच्याशी जोडलेले एलएम393 या तुलनाकारी चिपचे छोटे मॉड्यूल, ते वाचणारा ईएसपी32 बोर्ड (वायफाय असलेला छोटा नियंत्रक), त्यावर ईएसपीहोम हे त्याला कामे नेमून देणारे सॉफ्टवेअर, आणि घरात रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होम असिस्टंट. प्लेट कोरडी असताना पट्ट्यांमधून वीज वाहत नाही आणि मॉड्यूलच्या अ‍ॅनालॉग पिनवर (कमी-जास्त होणारे व्होल्टेज देणाऱ्या जोडावर) जवळजवळ पूर्ण व्होल्टेज मिळते. प्लेट भिजली की ते खाली येते. मॉड्यूलला डिजिटल पिनही असते व तिची मर्यादा एका छोट्या स्क्रूने ठरवता येते. बहुतेक जण हीच पिन वापरतात, कारण जोडणी सोपी पडते. माझा पहिला आग्रह असा आहे की ही पिन सोडून द्यावी. स्क्रू फिरवून ठरवलेली मर्यादा उन्हापावसात हलते, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे डिजिटल पिन ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगत असल्यामुळे दोष शोधण्यासाठी लागणारी सगळी माहिती तेथेच नष्ट होते.

अ‍ॅनालॉग पिन जोडताना तीन खड्डे चुकवावे लागतात. मॉड्यूल 5 व्होल्टवर चालवले तर अ‍ॅनालॉग पिनवरही 5 व्होल्टपर्यंत दाब येतो आणि ईएसपी32 ची पिन 3.3 व्होल्टसाठीच बनवलेली असते. त्यामुळे मॉड्यूलला 3.3 व्होल्टच द्यावेत. दुसरे, ईएसपी32 मधल्या दोन मापन-विभागांपैकी दुसरा विभाग वायफाय चालू असताना वापरता येत नाही, म्हणून वायर 32 ते 39 या पिनांपैकी एकीला जोडावी. तिसरे, ईएसपीहोममध्ये अटेन्युएशन (मोजण्यापूर्वी येणारे व्होल्टेज किती कमी करायचे ते) ठरवून दिले नाही तर साधारण 1.1 व्होल्टच्या वरचे काहीच मोजले जात नाही, आणि मग ग्राफवर एका उंचीला चिकटलेली सरळ रेषा दिसत राहते. ‘माझा सेन्सर काहीच बदल दाखवत नाही’ अशी तक्रार असेल तर सर्वप्रथम हेच पाहावे. 12 डेसिबलचे अटेन्युएशन दिले की रेषा जिवंत होते.

निदान : ग्राफ, फडके आणि पाणी

छताची मोटार तूर्त वेगळी करून ठेवावी आणि किमान आठवडाभर अ‍ॅनालॉग वाचन व हवेतील सापेक्ष आर्द्रता एकाच ग्राफवर नोंदवत राहावे. आर्द्रतेचा सेन्सर घराबाहेर, पण सावलीत हवा. हा आठवडा वाया जात नाही. माझी दोन वर्षे वाचली असती ती याच आठवड्याने.

पावसाची सर आली की व्होल्टेज एक-दोन मिनिटांत कड्यावरून कोसळल्यासारखे खाली येते. दव पडताना तसे होत नाही. मध्यरात्रीनंतर रेषा हळूहळू, दोन-तीन तासांत उतरते आणि सूर्य वर आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा चढते. तिसरा आकार ओळखायला मला सर्वाधिक वेळ लागला. त्यात व्होल्टेजची रेषा आर्द्रतेच्या रेषेची उलटी प्रतिमा असते : आर्द्रता वाढली की ती उतरते, कमी झाली की चढते, आणि हे ढगाळ, वारा असलेल्या, दव पडण्याची मुळीच शक्यता नसलेल्या रात्रीही घडते. हे काम मिठाचे आहे.

पावसाळ्यात स्वयंपाकघरातल्या मिठाला पाणी सुटते हे प्रत्येक घराला ठाऊक आहे. सापेक्ष आर्द्रता साधारण 75 टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतले बाष्प ओढून घेते आणि स्वतःच त्यात विरघळते. खाऱ्या वाऱ्याने प्लेटवर आणून बसवलेल्या अत्यंत पातळ, डोळ्यांना न दिसणाऱ्या थराचेही तेच होते. मिठाचे पाणी पावसाच्या पाण्यापेक्षा कितीतरी चांगली वीज वाहून नेते, त्यामुळे पाण्याचा एकही थेंब न दिसता प्लेट ‘भिजते’. किनाऱ्यावर रात्रीची आर्द्रता 75 टक्क्यांच्या वर जाणे ही रोजची गोष्ट आहे. पुण्यात किंवा सोलापुरात हाच सेन्सर महिनोन्‌महिने नीट चालतो आणि आमच्याकडे पंधरा दिवसांत बिघडतो, याचे मोठे कारण हे आहे.

ग्राफवरून संशय आला की खात्री करण्यासाठी पहाटे, चुकीचा ‘पाऊस’ चालू असतानाच, बाहेर जाऊन पुढील क्रमाने तपासावे. प्लेट कोरड्या सुती फडक्याने पुसावी. वाचन ताबडतोब वर गेले आणि नंतर हळूहळू पुन्हा उतरले, तर ते दव आहे. पुसूनही वाचन फारसे हलले नाही, पण पिण्याच्या पाण्याने प्लेट धुऊन पूर्ण कोरडी केल्यावर ते वर जाऊन टिकले, तर तो मिठाचा, धुळीचा किंवा पक्ष्यांच्या विष्ठेचा थर आहे. धुऊनही फरक पडला नाही तर प्लेटच्या वायर मॉड्यूलपासून सोडवाव्यात. प्लेट जोडलेलीच नसताना सेन्सर ‘पाऊस’ म्हणत असेल तर दोष प्लेटमध्ये नाहीच. पाणी मॉड्यूलमध्ये किंवा मधल्या जोडात शिरलेले आहे. या शेवटच्या पायरीवर येण्याआधीच अनेकांनी दोन-दोन प्लेट बदललेल्या असतात.

प्लेट का कुजते

मॉड्यूलला सतत वीज मिळत असते तेव्हा ओल्या प्लेटच्या दोन पट्ट्यांमध्ये एकाच दिशेने प्रवाह वाहत राहतो. शाळेत शिकलेले विद्युत-अपघटन ते हेच : धन बाजूच्या पट्ट्यावरचा मुलामा आणि त्याखालचे तांबे विरघळून पाण्यात जाते आणि हिरवा-निळा थर मागे उरतो. पाणी खारट असेल तर हा वेग वाढतो. कोकणातल्या पावसाळ्यात प्लेट दिवसेंदिवस सलग ओली राहते, तेव्हा चार महिन्यांत पट्टा तुटला तर आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. सोन्याचा मुलामा असलेली प्लेट थोडी अधिक टिकते, पण मूळ कारण तसेच राहते.

उपाय मात्र जवळजवळ फुकटचा आहे. मॉड्यूलचा वीजपुरवठा 3.3 व्होल्टच्या कायम पिनेऐवजी ईएसपी32 च्या एका आउटपुट पिनेवरून घ्यावा. मॉड्यूलला काही मिलिअँपिअर एवढाच प्रवाह लागतो आणि तो पिन सहज देऊ शकते. ईएसपीहोममध्ये दर 30 सेकंदांनी पिन चालू करावी, 100 मिलिसेकंद थांबावे, वाचन घ्यावे आणि पिन बंद करावी. त्यासाठी अ‍ॅनालॉग सेन्सरचा स्वतःचा वाचनकाल ‘नेव्हर’ (स्वतःहून कधीच नाही) ठेवून इंटर्व्हलच्या (ठरावीक वेळाने चालणाऱ्या आदेशांच्या) आत हा क्रम लिहावा लागतो. प्लेटवर वीज असण्याचा काळ यामुळे तीनशेव्या भागावर येतो आणि झीजही त्याच मानाने कमी होते. हा बदल केल्यापासून माझ्याकडे एकच प्लेट दुसरा पावसाळा पाहत आहे.

याच वेळी आणखी एक लहान काम करून घ्यावे. या सेन्सरचा मला सर्वांत घातक वाटणारा दोष असा आहे की वायर तुटली, उंदराने कुरतडली किंवा जोड सुटला तर तो ‘कोरडे’ सांगतो, म्हणजे बिघाड आणि स्वच्छ हवा यांत त्याला फरक कळत नाही. प्लेटच्या दोन टोकांमध्ये, अगदी प्लेटपाशीच, 47 किलोओहमचा रोध (रेझिस्टर) कायमचा जोडून टाकावा. माझ्या मॉड्यूलवर वरच्या बाजूचा, म्हणजे वीजपुरवठा आणि अ‍ॅनालॉग पिन यांमधला, रोध 10 किलोओहमचा आहे. त्यामुळे कोरड्या प्लेटचे वाचन आता साधारण 2.7 व्होल्ट येते आणि वायर तुटली तर ते 3 व्होल्टच्या पुढे जाते. 3 च्या वरच्या वाचनाला ‘बिघाड’ अशी स्वतंत्र स्थिती दिली आहे आणि ती येताच छत मिटते. रोध बसवण्यापूर्वी आपल्या मॉड्यूलवरच्या रोधाचे मूल्य मीटरने पाहून घ्यावे, म्हणजे हे आकडे स्वतःच्या मांडणीप्रमाणे काढता येतील.

दव, कल आणि थोडीशी ऊब

दव पडते ते प्लेटचा पृष्ठभाग रात्रीच्या मोकळ्या आकाशाकडे उष्णता टाकून भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होतो म्हणून. त्यामुळे प्लेट हवेपेक्षा काही अंश उबदार ठेवली की दव बसत नाही, आणि आर्द्रतेने ओले होऊ पाहणारे मीठही बऱ्याच अंशी कोरडे राहते. बाजारात मिळणाऱ्या चांगल्या सेन्सरमध्ये असा तापक आतच बसवलेला असतो. आपल्या साध्या प्लेटच्या मागे 47 ओहमचा, 1 वॉटचा रोध एपॉक्सीने चिकटवून त्याला 5 व्होल्ट दिले तर सुमारे अर्धा वॉट उष्णता मिळते आणि एवढ्या लहान प्लेटला ती पुरते. हा प्रवाह 100 मिलिअँपिअरच्या पुढे जातो, म्हणून तो कधीही थेट बोर्डाच्या पिनेवरून घेऊ नये. मध्ये ट्रान्झिस्टर हवाच. मी हा तापक रात्री दहा ते सकाळी आठ आणि पाऊस थांबल्यानंतर एक तास एवढाच चालवतो.

अधिक उष्णता दिली तर अधिक चांगले होईल असे वाटून मी एकदा दोन वॉटपर्यंत गेलो होतो. परिणाम असा झाला की भुरभुर पाऊस प्लेटवर पडता पडताच वाळू लागला आणि सेन्सरला तो कळेनासा झाला. कोकम खराब करायला भुरभुर पुरेशी असते. अर्धा वॉट ही तडजोड आहे आणि ती तशीच ठेवावी.

प्लेट आडवी बसवणे ही जवळजवळ प्रत्येक घरात दिसणारी चूक आहे. आडव्या प्लेटवर पाणी साचून राहते व उन्हाची वाट पाहत बसते. 25 ते 30 अंशांच्या कलाने बसवली तर थेंब ओघळून जातात आणि पावसाने मीठही आपोआप धुतले जाते. आमच्याकडे पावसाळी वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून उतार त्याच दिशेला ठेवला आहे. झड आली तर ती सरळ प्लेटवर यावी. पागोळ्यांपासून आणि माडाच्या झावळ्यांच्या कक्षेपासून प्लेट दूर असावी, कारण पाऊस थांबल्यावरही झावळी बराच वेळ गळत राहते. ‘पाऊस थांबूनही पाऊस’ या तक्रारीच्या मुळाशी कितीतरी वेळा एखादी झावळी असते.

मर्यादा एकच न ठेवता दोन ठेवाव्यात : माझ्याकडे 2.0 व्होल्टच्या खाली गेले तर ‘ओले’ आणि 2.3 च्या वर आले तरच ‘कोरडे’. एकाच आकड्यावर दोन्ही ठरवले तर वाचन त्या आकड्याभोवती घुटमळत असताना मिनिटाला दोनदा स्थिती बदलते. ‘ओले’ होण्यासाठी सलग दोन वाचने पुरेशी धरली आहेत, म्हणजे जास्तीत जास्त एका मिनिटाचा उशीर होतो. ‘कोरडे’ होण्यासाठी पंधरा मिनिटांची उघडीप आवश्यक केली आहे. पावसाळ्यातल्या दोन सरींमध्ये एवढी उघडीप सहज पडते हे खरे, परंतु तेव्हा खळ्यात काही वाळत नसते. या सेन्सरची खरी कसोटी मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लागते आणि सगळे आकडे त्याच महिन्यांच्या पावसावर बेतावेत. जुलैत पाऊस आहे हे सांगायला यंत्र लागत नाही.

दुसरा साक्षीदार : टिपिंग बकेट

वरील सर्व उपायांनंतरही प्लेट ‘ओले’ एवढेच सांगू शकते. किती पाऊस झाला, बागेचे ठिबक आज बंद ठेवावे का, हे तिला विचारण्यात अर्थ नाही. त्यासाठी टिपिंग बकेट पर्जन्यमापक लावावा. त्याच्या आत झोपाळ्यासारख्या दोन छोट्या वाट्या असतात. एक भरली की ती कलंडते, दुसरी नरसाळ्याखाली येते, आणि प्रत्येक कलंडण्याला एक चुंबक रीड स्विच या चुंबकाने चालणाऱ्या स्विचसमोरून जाऊन एक ठोका देतो. हवामान-केंद्रांच्या सुट्या भागांत मिळणारे बहुतेक मापक एका ठोक्याला 0.2794 मि.मी. पाऊस धरतात.

केवळ याच मापकावर विसंबून प्लेट काढून टाकावी असा सल्ला दिला जातो. तो मला पटत नाही. तासाला अर्धा मि.मी. अशी भुरभुर पडत असेल तर पहिली वाटी भरायलाच अर्ध्या तासाहून अधिक वेळ जातो आणि तोवर कोकम भिजून गेलेले असते. उलट प्लेटला पहिल्या काही थेंबांतच कळते. म्हणून छत प्लेटच्या सांगण्यावरून मिटावे आणि ठिबकाचा निर्णय मापकाच्या नोंदीवरून व्हावा. भारतीय हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे 24 तासांत 2.5 मि.मी. किंवा अधिक पाऊस झाला तर तो पावसाचा दिवस धरला जातो; मी मात्र ठिबक बंद ठेवण्यासाठी 5 मि.मी. ही मर्यादा ठेवली आहे, कारण नारळ-सुपारीच्या मुळांपर्यंत अडीच मि.मी. पोहोचत नाही.

मापकाच्या नेहमीच्या तक्रारी दोन. पहिली, ठोके अतोनात जास्त येतात. बहुतेक वेळा याचे कारण म्हणजे रीड स्विच 34 ते 39 यांपैकी एखाद्या पिनेला जोडलेला असतो. या पिनांना आतला पुल-अप (पिनेला ठरावीक व्होल्टेजशी बांधून ठेवणारा रोध) नसतो, त्यामुळे पिन अधांतरी राहून हवेतला गोंगाट मोजत राहते. पिन बदलावी किंवा बाहेरून 10 किलोओहमचा पुल-अप लावावा. आमच्याकडे याखेरीज विहिरीच्या पंपाची वायर सेन्सरच्या वायरीला समांतर गेली होती आणि पंप सुरू झाला की चार-पाच ठोके पडत. वायर वेगळ्या केल्या, सेन्सरसाठी पिळाची वायर घेतली, पिनेपाशी 100 नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला आणि सॉफ्टवेअरमध्ये 150 मिलिसेकंदांचा फिल्टर (एवढ्या वेळेत आलेले जादा ठोके सोडून देणारा) दिला. एवढा मोठा फिल्टर खरा पाऊस गिळेल का, ही शंका रास्त आहे. पण तासाला 100 मि.मी. अशा कोसळत्या पावसातही दोन ठोक्यांमध्ये सुमारे दहा सेकंदांचे अंतर असते. ईएसपी32 च्या हार्डवेअर मोजणी-यंत्रणेला मात्र 13 मायक्रोसेकंदांपेक्षा मोठा फिल्टर देता येत नाही, म्हणून ईएसपीहोममधल्या पल्स काउंटर या ठोके मोजणाऱ्या घटकाच्या मांडणीत ती यंत्रणा बंद करावी लागते. फिल्टर लिहूनही परिणाम होत नाही अशी तक्रार करणाऱ्यांची अडचण येथेच असते.

दुसरी तक्रार, ठोके कमी येतात किंवा येतच नाहीत. नरसाळ्यात पाने, सुरूच्या काड्या, कोळ्याचे जाळे किंवा मुंग्यांचे घर असते. वरून जाळी लावली तरी महिन्यातून एकदा उघडून पाहावे. मापक पाण्याच्या पातळीने समतल बसवलेला हवा आणि त्याचा खांब वाऱ्याने हलता कामा नये. प्लेट तासभर ‘ओले’ सांगत असून मापकाचा एकही ठोका नाही असे झाले तर मला सूचना येते. बहुतेक वेळा नरसाळे तुंबलेले असते, आणि कधी कधी प्लेट धुण्याची वेळ झालेली असते. दोन साक्षीदारांचा हा सर्वांत मोठा लाभ आहे.

मापनाची खातरजमा घरीच करता येते. माझ्या मापकाचे तोंड 11 × 5 सेंटिमीटर, म्हणजे 55 चौरस सेंटिमीटर आहे, त्यावर 0.2794 मि.मी. पाऊस म्हणजे 1.54 मिलिलिटर पाणी. 154 मिलिलिटर पाणी सलाइनच्या नळीतून थेंबथेंब सोडले की शंभर ठोके पडायला हवेत. घाईने ओतले तर वाटी कलंडत असतानाच पाणी निसटते आणि ठोके कमी भरतात, म्हणून या कामाला तासभर द्यावा. ठोके 94 पडले तर सॉफ्टवेअरमधला गुणक 100 भागिले 94 या प्रमाणात वाढवावा.

आपल्या नोंदी जवळच्या हवामान केंद्राच्या आकड्यांशी जुळत नाहीत, असे वाटले तर मापकाला दोष देण्यापूर्वी दिवस कोठे संपतो ते पाहावे. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, तर होम असिस्टंटचा युटिलिटी मीटर (दिवसाची बेरीज ठेवणारा घटक) स्वतःहून मध्यरात्री शून्य होतो. त्याला साडेआठ तासांचा ऑफसेट दिल्यावर माझ्या नोंदी आणि केंद्राच्या नोंदी प्रथमच तुलना करण्याजोग्या झाल्या.

वीज आल्यावर येणारा ‘पाऊस’

वादळी वाऱ्याने वीज जाणे आणि येणे आमच्याकडे नेहमीचे आहे, आणि वीज परत आली की छत विनाकारण हलत असे. कारण साधे आहे : बोर्ड सुरू होताना सेन्सरची स्थिती ‘अनुपलब्ध’ वरून ‘ओले’ किंवा ‘कोरडे’ अशी बदलते आणि ऑटोमेशन (आपोआप चालणारा नियम) त्या बदलालाच पाऊस सुरू झाला किंवा थांबला असे समजते. ट्रिगरमध्ये (नियम सुरू करणाऱ्या अटीत) आधीची स्थिती स्पष्टपणे ‘ऑफ’, म्हणजे कोरडी, असावी अशी अट घातली की ही अडचण संपते. मात्र या अटीमुळे वीज नसताना सुरू झालेला पाऊस निसटू शकतो, म्हणून बोर्ड सुरू झाल्यावर दोन मिनिटांनी एकदा सद्यःस्थिती तपासून, ओले असेल तर छत मिटवणारा वेगळा नियमही लिहिला आहे.

पावसात वायफाय तुटते अशीही तक्रार असते. पडणाऱ्या सरींचा दहा-पंधरा मीटरच्या अंतरात काही परिणाम होत नाही. परंतु जांभ्याच्या जाड भिंती पाणी पिऊन बसतात आणि ओल्या भिंतीतून संकेत कमजोर होऊन बाहेर पडतो. मी छत मिटवण्याचा नियम होम असिस्टंटमध्ये न ठेवता बोर्डावरच लिहिला आहे. प्लेट, रिले (मोटार चालू-बंद करणारा स्विच) आणि मोटारीचे लिमिट स्विच (छत टोकाला पोहोचल्याचे सांगणारे) एकाच बोर्डाला जोडलेले असल्यामुळे राउटर बंद असला तरी छत मिटते. उघडण्याचे काम मात्र कधीही आपोआप होऊ देत नाही. ते आई किंवा मी आभाळाकडे पाहून, बटण दाबून करतो. चुकून मिटलेल्या छताने सुपारीचे दोन तासांचे ऊन बुडते, चुकून उघडलेल्या छताने महिन्याची मेहनत बुडते.

ज्यांना प्लेट धुण्याची आणि तापक लावण्याची यातायात नको असेल त्यांनी थोडा अधिक खर्च करून प्रकाशावर चालणारा सेन्सर घ्यावा. हायड्रिऑनच्या आरजी-9 आणि आरजी-15 या सेन्सरमध्ये अवरक्त किरण घुमटाकार भिंगाच्या आतून परावर्तित होत राहतात आणि बाहेरून थेंब पडला की त्यातला काही प्रकाश निसटतो; त्यावरून पाऊस ओळखला जातो. उघडे पट्टे नसल्यामुळे कुजण्याचा प्रश्न येत नाही, आणि या दोन्हींसाठी ईएसपीहोममध्ये तयार घटक आहे. भिंग मात्र खाऱ्या वाऱ्यात याचेही पुसावे लागते.

माझ्याकडे साधी प्लेटच आहे. दसऱ्याच्या आसपास सुपारी उतरवण्याआधी आणि होळीनंतर कोकमाच्या तयारीच्या वेळी ती काढून पाण्याने आणि मऊ ब्रशने धुतो, मॉड्यूलच्या डब्याच्या तळाचे छिद्र मोकळे आहे का ते पाहतो, आणि डब्यात शिरणाऱ्या वायरीला खाली झोल आहे याची खात्री करतो, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी डब्यात न जाता त्या झोलावरून जमिनीवर पडते.